दाना ओलीतला चाकू

१

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या बळवंतराव भोइट्यांचा दिवस चाकूने सुरू होतो, असं त्यांच्या पत्नी दुर्गाबाई चारचौघांत सांगत आणि ते खरंच होतं. सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा, मग मोगऱ्याच्या वाळक्या काड्या, मग औषधाची पट्टी. सगळं खिशातल्या घडीच्या चाकूने. हत्यारांच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, बळवंतराव चाकू तपासत.

त्याला कारण त्यांची पुतणी हर्षिता. धाकट्या भावाची मुलगी, राहायला हरिशंकरपुरमला, पण आई लवकर गेल्यामुळे वाढली ती दुर्गाबाईंच्याच हाताखाली. तिनं इंटरनेटवर दुकान मांडलं होतं. टॉर्च, कीचेन, खिशात वागवायचे चाकू असला माल. कुठलाही चाकू दुकानात ठेवण्याआधी तो काकांच्या टेबलावर येई आणि काका 'चालेल' म्हणेपर्यंत पुढे सरकत नसे.

बळवंतरावांची परीक्षा धारेपासून सुरू होत नसे. ते म्हणत, धार कुणीही लावतो आणि ती आठवड्यात उतरते. चाकू पाहायचा तो मिटलेला असताना. पातं मुठीच्या ऐन मधोमध निजलं आहे का? उघडताना बोटाला अडतं का? उघडल्यावर खटका पूर्ण बसतो का? आणि पातं डावी-उजवीकडे हलवून पाहिलं तर केसाएवढंसुद्धा हलतं का? नव्वद टक्के चाकू इथेच नापास होत.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी हर्षिता आली, ती कापडात गुंडाळलेला एक चाकू घेऊन. तीन आठवड्यांवर तिचं लग्न होतं, पत्रिका वाटता वाटता ती आली होती. दाना ओलीत महिपतराव म्हणून एक वयस्कर गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे पत्रिका द्यायला गेली तर त्यांनी हा हातात ठेवला, असं तिनं सांगितलं. स्वतः घडवलाय म्हणाले. विकायचा आग्रह नाही, फक्त कुणा जाणत्याचं मत हवंय.

"काका, पीस एकदम अलग आहे," ती म्हणाली. "बघून सांगा ना, रखूँ कि नहीं?"

बळवंतरावांनी कापड उलगडलं आणि चष्मा काढून पुसला.

मूठ काळ्या शिसवीची होती. तिच्यावर नक्षी नाही, नाव नाही, चकाकी नाही. हातात घेतल्यावर मात्र ती अशी बसली की बोटांना जागा शोधावीच लागली नाही. पातं तीन इंचांचं, राखी रंगाचं, दोन्ही बाजूंना सारखी फट ठेवून मधोमध निजलेलं. अंगठ्याने लोटलं तर ते पाण्यातून सरकावं तसं आलं आणि खटका बसला. आवाज एकच, लहान आणि पुरा. त्या आवाजाला मागे घरघर नव्हती, पुढे कंप नव्हता.

चहा घेऊन आलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या की माणसाकडे पाहून एवढं हसू कधी येत नाही यांना.

२

हर्षिता गेल्यावर बळवंतराव धारेकडे वळले. रोजचीच पद्धत. वर्तमानपत्राचा कागद डाव्या हातात उभा धरायचा आणि पातं वरून खाली न्यायचं. चांगली धार असेल तर बारीक सळसळ होते, वाईट असेल तर कागद फाटतो.

पातं वरून खाली गेलं. आवाज झाला नाही. कागद होता तसाच होता.

त्यांना वाटलं हात चुकला, पातं कागदाच्या बाजूने गेलं. पुन्हा नेलं. पुन्हा तेच. म्हणजे धारच नाही, असं म्हणून ते खरोखर हळहळले. एवढं सुंदर काम आणि पातं बोथट. मग सवयीने त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि कागदावर काही ओरखडा तरी उमटला आहे का हे पाहायला डोळ्याशी नेलं.

भिंगात एक रेघ दिसली. ती दिसते न दिसते तोच कागदाचा अर्धा भाग त्यांच्या बोटांतून सुटून पंख्याच्या वाऱ्याने खाली गेला.

बळवंतराव किती तरी वेळ त्या कडेकडे पाहत राहिले. एकही तंतू उभा नव्हता. छापील अक्षरं मधून कापली गेली होती आणि शाई कुठे पसरली नव्हती.

मग त्यांनी स्वयंपाकघरातून कैरी आणली. पातं वरून आत गेलं, कोयीतूनसुद्धा सहज गेलं, हाताला काही कळलं नाही. कैरी पाटावर अखंड उभी. रस नाही, वास नाही. त्यांनी ती उचलली, फिरवली, टेबलावर गडगडवली, ती एकसंध राहिली. शेवटी भिंग लावून रेघ शोधली, तेव्हा ती शांतपणे दोन बाजूंना झाली, आणि आंबट वास एकदम खोलीभर पसरला.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हे बळवंतरावांना माहीत होतं. कारखान्यात मापाचे पोलादी ठोकळे असत. त्यांची अंगं इतकी गुळगुळीत घासलेली, की एकावर दुसरा सरकवला की दोन्ही चिकटून बसत आणि ओढून सुटत नसत. इथेही तोच प्रकार. काप इतका साफ, की कापलेले दोन भाग एकमेकांना धरून राहतात. एवढी धार लावणारा माणूस ग्वाल्हेरात, दोन मैलांवर राहतो आणि आपल्याला पत्ता नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. पाहण्याच्या क्षणीच ते सुटतात ही मात्र गंमत होती. बोटांचा धक्का लागत असेल, असं त्यांनी ठरवलं.

३

तरी आठवडाभर ते चाचण्या घेत राहिले, कारण तपासणी अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

गच्चीवरची कपड्यांची दोरी त्यांनी मंगळवारी कापली आणि त्या जागी शाईचा ठिपका दिला. उन्हाळ्यातला गरम वारा, लू, सुरू झाली होती. दिवसभर चादरी शिडासारख्या फुगत होत्या, दोरी ताणली जात होती, कुरकुरत होती. दोन दिवस ती टिकली. तिसऱ्या दिवशी बळवंतराव वर गेले, हात मागे बांधून दुरूनच ठिपक्याकडे नीट निरखून पाहू लागले, आणि चादरींसकट दोरी खाली आली. त्यांनी हात लावला नव्हता. त्या वेळी वारासुद्धा पडलेला होता.

मोगऱ्याची एक फांदीही त्यांनी मंगळवारीच बुंध्याशी कापली होती. शुक्रवारपर्यंत ती हिरवीगार होती. एवढंच नव्हे, तिच्यावर दोन नव्या कळ्या आल्या होत्या. हे ठोकळ्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. चिकटलेल्या ठोकळ्यांतून पाणी वर चढत नाही.

शुक्रवारी हर्षिता आली ती कुंपणाशीच थबकली. फुलं पाहायला वाकली आणि म्हणाली, "काका, ये डाली कटी हुई है क्या?"

फांदी तिच्या पायाशी पडली. तिनं ती उचलली तेव्हा पानं गळू लागली होती. दारातून टेबलापर्यंत येईतो कळ्या तपकिरी झाल्या, देठ सुतळीसारखा वाळला. चार दिवसांचं ऊन त्या फांदीला एका मिनिटात भेटलं होतं.

हर्षिताला वाटलं उन्हाळ्याने झाड गेलं. तिच्या डोक्यात लग्नाचे दागिने आणि पाहुणे होते. बळवंतरावांनी त्या रात्री जेवताना दुर्गाबाईंना विचारलं, की एखाद्या गोष्टीला आपण तुटलो आहोत हे माहीतच नसेल तर ती टिकून राहू शकते का. दुर्गाबाईंनी थोडा विचार केला आणि सांगितलं, की निम्मी लग्नं तशीच टिकतात. दोघंही हसले.

४

शनिवारी दुपारी ते दाना ओलीत गेले. चाकू घरीच टेबलावर ठेवला होता. महिपतरावांना आधी भेटावं, नीट दाद द्यावी आणि मग विचारावं असा त्यांचा बेत होता. खरं तर दाद द्यायचीच ओढ जास्त होती. असं काम करणाऱ्या माणसाचे हात एकदा पाहायचे होते.

गल्लीत हातगाड्यांची वर्दळ होती. अरुंद जिना चढून गेलं की वरची खोली. दार उघडंच होतं. महिपतराव भिंतीला पाठ लावून ताठ बसले होते. सत्तरीचे असतील. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं आणि त्यांच्या गळ्याला लोकरीचा मफलर होता, हनुवटीपर्यंत, घट्ट.

"यावं, बसावं," ते म्हणाले. मान हलली नाही. फक्त डोळे बळवंतरावांबरोबर दारापासून खुर्चीपर्यंत आले.

खोली स्वच्छ होती. हत्यारं ओळीने लावलेली, त्यांच्या मुठी एकाच दिशेला. भिंतीवर एका खिळ्याखाली चौकोनी फिकट डाग होता. तिथे बरीच वर्षं आरसा असावा आणि आता काढला असावा.

बळवंतरावांनी मनापासून सांगितलं. चौतीस वर्षांत असा चाकू हाती आला नाही. पोलादाला पाणी कसं पाजलं असेल याची कल्पना करता येत नाही. खटक्याचा आवाज ऐकून आपण एकटेच हसलो. महिपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायलासुद्धा त्यांनी मान खाली केली नाही. रुमाल वर नेला.

"चार वर्षं वाट पाहिली कुणी तरी हे म्हणायची," ते म्हणाले. "मला स्वतःला तपासता आलं नाही."

का, असं बळवंतरावांनी विचारलं नाही. त्यांनी कागदाचं सांगितलं, दोरीचं सांगितलं, फांदीचं सांगितलं. महिपतराव ऐकत राहिले, त्यांना त्यात काही नवं नव्हतं. खाली कुणी तरी पोतं आपटलं आणि खोलीची लाकडी जमीन किंचित हादरली. महिपतरावांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले आणि हादरा जाईपर्यंत डोळे मिटून घेतले.

"एवढ्या उन्हात मफलर," बळवंतराव शेवटी म्हणाले. "बरं नाही का?"

"दाढी करून पाहिली होती त्याने. पूर्ण झाला त्याच दिवशी."

"लागलं का?"

"बघितलं नाही."

बळवंतरावांचा हात खिशाकडे गेला. भिंग तिथेच असे. महिपतरावांनी तो हात पाहिला.

"नका," ते हळूच म्हणाले. "आपला धंदा पाहण्याचा आहे, मला कल्पना आहे. पण माझ्याकडे बघताना चेहऱ्याकडेच बघावं." मग त्यांनी विचारलं, "चाकू कुठे आहे?"

"घरी. टेबलावर."

"घरात कोण आहे?"

बळवंतराव उठून उभे राहिले. महिपतरावांनीही त्यांना बसा म्हटलं नाही.

५

टेम्पो मिळेपर्यंत, तो थांबत थांबत दर्पण कॉलनीपर्यंत येईपर्यंत बळवंतराव स्वतःची समजूत घालत होते. म्हातारा विक्षिप्त आहे. एकटा राहतो. मफलर घशाच्या दुखण्यासाठीही असतो. दुर्गा विळी वापरते, चाकूला हात लावत नाही.

टेबलावर चाकू नव्हता.

दुर्गाबाई स्वयंपाकघरात भाजी चिरायच्या लाकडी पाटापाशी बसल्या होत्या. चाकू बाजूला पडला होता. डावा हात पाटावर पालथा होता आणि मनगटावर गेल्या चैत्रात शीतला मातेच्या देवळात बांधलेला लाल धागा होता.

"आलात?" त्या म्हणाल्या. "हा धागा फार काचत होता. म्हटलं तुमच्या लाडक्या चाकूने काढावा, तर तो काही कापतच नाही. दोन-तीनदा चांगला दाबला वरून. उगीच कौतुक करता तुम्ही."

बळवंतरावांचं लक्ष धाग्यावर गेलं. ते गेलं त्याच क्षणी धागा सुटला आणि पाटावरून खाली पडला.

"अगंबाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "कापला होता की."

धाग्याखालची कातडी फिकट होती. तिथे, केसाहून बारीक अशी, एक…

बळवंतरावांनी मान वळवली. इतक्या जोरात, की मानेची शीर दुखली. ते खिडकीकडे पाहत उभे राहिले. मागे बांगड्या वाजल्या. दुर्गाबाई उठल्या, हात धुतले, गॅस लावला आणि चहाचं भांडं ठेवलं. दूध डाव्या हातानेच ओतलं, कारण त्या डावखुऱ्या होत्या. प्रत्येक आवाज बळवंतराव मोजत होते. भांडं, झाकण, गाळणं, कप.

चहा घेऊन त्या बाहेर गेल्यावर त्यांनी आवरायचं म्हणून पाट उचलला. तो दोन तुकड्यांत हातात आला. इंचभर जाडीचं सागवान, वरपासून खालपर्यंत, बरोबर तिथेच जिथे दुर्गाबाईंचं मनगट टेकलेलं होतं.

६

चाकू त्यांनी मिटवला. त्या वेळीही खटका तसाच नितळ वाजला, आणि तो चांगला वाजला हे त्यांच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. मग तो त्यांनी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डब्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळून माळ्यावर टाकला. हर्षिताला निरोप पाठवला: 'उत्तम आहे. विकायचा नाही.' तिनं का म्हणून दोनदा विचारलं, त्यांनी फोन पालथा ठेवला.

पुढचे दिवस बळवंतरावांनी असे काढले, की घरात दुसरं कुणी असतं तर त्याला ते नवं लग्न झाल्यासारखे वागताहेत असं वाटलं असतं. पाण्याची बादली ते उचलत. कपडे ते पिळत. दुर्गाबाईंना त्यांनी जुन्या, जाड, रुंद बांगड्या घालायला लावल्या, लग्नघर आहे म्हणून. डॉक्टरीणबाईंकडे रक्तदाब तपासायला जायचं होतं ते त्यांनी पुढे ढकललं. बोलताना ते त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत. इतक्या वर्षांत इतकं कधी पाहिलं नव्हतं. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता, तो त्यांना आता कळला.

एकदा त्या म्हणाल्या, "हात जरा गार पडतो हो हा. बघता का?" बळवंतराव म्हणाले, कूलरसमोर बसू नकोस, आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हरिशंकरपुरमच्या घरी मेंदीचा कार्यक्रम होता. बळवंतरावांनी दुर्गाबाईंना न लावण्याविषयी सुचवून पाहिलं, पण हर्षिता ऐकेना. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, तसे पसरूनच ती म्हणाली, "काकी नहीं लगवाएगी तो कौन लगवाएगा? आईच्या जागी तीच आहे ना मला."

मेंदीवाली सराफा बाजाराजवळून आलेली, चाळिशीची, चष्मा लावलेली बाई होती. तिनं दुर्गाबाईंच्या बांगड्या मागे सारल्या, डावा हात आपल्या मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला आणि वाकली. मेंदीच्या कोनाचं टोक मनगटाजवळ आलं आणि थांबलं.

"आंटीजी," ती म्हणाली, "यहाँ पे ये…"

दुर्गाबाईही खाली पाहू लागल्या.

"दुर्गा," बळवंतराव म्हणाले.

अडतीस वर्षांत त्यांनी चारचौघांत बायकोला नावाने हाक मारली नव्हती. खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. मेंदीवालीनेही केली. दुर्गाबाई त्यांच्याकडे अशा पाहू लागल्या, की जणू हा कोण आहे हे आठवून पाहत होत्या.

बळवंतरावांना भाषण येत नसे. पण थांबायचं नाही एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी कारखान्यातल्या संपाचं सांगायला घेतलं. सात महिने पगार नव्हता तेव्हा या बाईने शेजाऱ्यांच्या साड्यांना फॉल लावले, आणि मला कधी समजू दिलं नाही की त्या दुसऱ्यांच्या आहेत. हर्षिता चार वर्षांची असताना घरी आली, पंधरा दिवस बोलली नाही. हिने तिला बोल म्हटलं नाही. नुसती तिच्याशेजारी बसून वाटाणे सोलत राहिली, आणि सोळाव्या दिवशी पोरीने स्वतःहून हात पुढे केला. मी जन्मभर खोट काढत आलो. पोलादात काढली, माणसांत काढली. हिच्यात शोधायची मला कधी बुद्धी झाली नाही.

हर्षिता रडायला लागली होती. कुणी तरी हसत डोळे पुसले. मेंदीवाली ऐकता ऐकता, नजर बळवंतरावांवर ठेवूनच, सवयीच्या हाताने मनगटाभोवती जाड पट्टा ओढू लागली, वधूच्या आईला काढतात तसा. पट्टा अर्ध्यावर आला होता. बळवंतरावांना दिसत होतं की अजून तीन बोटं जागा मोकळी आहे, आणि नीट पाहायचं नाही म्हणून ते दुर्गाबाईंच्या डोळ्यांतून नजर हलवत नव्हते.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तिच्या हातच्या पुरणाविषयी, तिच्या गाण्याविषयी, जे तिला वाटतं कुणी ऐकत नाही. दुर्गाबाईंचे कान लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "पुरे की हो आता." बळवंतराव पुरे करेनात.

शेवटी मेंदीवालीने कोन उचलला. ओला काळा पट्टा मनगटाभोवती पुरा झाला होता, दोन्ही टोकं जुळलेली.

बळवंतराव खाली बसले. शर्ट पाठीला चिकटला होता. मेंदीचा रंग किती दिवस टिकतो, असं त्यांनी मेंदीवालीला विचारलं. ती म्हणाली, अच्छा चढ़ जाए तो बाऊजी, पंद्रह दिन. हातांना पाणी कमी लावलं तर एखादा दिवस जास्त.